नोट्स हातानं की लॅपटॉपवर : एका चिकित्सक आढाव्याच्या कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट

कोर्सचं मोठं काम आज हातात पडलं. तीन हजार शब्दांचा चिकित्सक संशोधन-आढावा, त्यावर बारा मिनिटांचं प्रेझेंटेशन, मग पाच मिनिटं प्रश्न. मुदत आठ आठवडे. विषय ज्याचा त्यानं निवडायचा. अट एकच : त्या विषयावर संशोधकांचं आपसात जुळत नसलं पाहिजे.

मी घेतलं : व्याख्यानाच्या नोट्स हातानं काढाव्यात की लॅपटॉपवर. खरं तर उत्तर मला पाठ आहे. शाळेपासून वह्या भरत आलेय मी. 'हातानं लिहिलेलं डोक्यात राहतं' हे जितक्यांदा ऐकलं, त्याहून जास्त वेळा इतरांना ऐकवलंय. तात्पुरतं शीर्षकही ठरवून टाकलं : 'हस्तलिखित टिपणांचे श्रेष्ठत्व'. मॅडम म्हणाल्या, पहिल्या दिवसाचं मत जसंच्या तसं लिहून ठेवा आणि नंतर खोडू नका. म्हणून हे लिहितेय.

६ ऑगस्ट

मॅडमना शीर्षक दाखवलं.

"श्रेष्ठत्व कशात? वेगात, आठवणीत की मार्कांत? आणि कुणाचं? अक्षर गिरवणारं मूल आणि व्याख्यानाला बसलेली तू, दोघांना एकाच टोपलीत घालणार आहेस का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळपर्यंत प्रश्न चार वेळा लिहिला आणि शेवटी इथे थांबले : विद्यापीठातले विद्यार्थी व्याख्यान ऐकताना हातानं किंवा लॅपटॉपवर टिपणं घेतात, तेव्हा नंतरच्या चाचणीत त्यांच्यात फरक पडतो का, आणि पडला तर कोणत्या परिस्थितीत? शेवटचा तुकडा मॅडमचा. तो का जोडला हे मला अजून नीट कळलेलं नाही, पण राहू दे.

९ ऑगस्ट

शोधाचा दिवस. एरिक, सायकइन्फो आणि गुगल स्कॉलर, म्हणजे पेपर शोधायचे तीन डेटाबेस. पहिल्या फेरीत हाती फारच कमी लागलं. एवढा चघळलेला विषय आणि एवढेच पेपर? दोन तास डोकं खाजवल्यावर गोम सापडली. 'नोटटेकिंग' हा शब्द इंग्रजीत कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून, तर कुणी मध्ये आडवी रेघ देऊन. मी फक्त तोडून शोधत होते. तिन्ही रूपं 'किंवा' घालून टाकली, हाताच्या लेखनासाठीही 'लाँगहँड' आणि 'हँडरिटन' दोन्ही दिले, तेव्हा यादी २१४ वर गेली.

शोधाची ओळ, डेटाबेसचं नाव आणि तारीख वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवली. माझा आढावा काही पद्धतशीर आढावा नव्हे, तरी प्रिझ्माची, म्हणजे तसे आढावे कसे मांडावेत याच्या नियमावलीची, २०२० ची २७ मुद्द्यांची यादी समोर ठेवलीय. शोध कसा केला, काय गाळलं आणि का गाळलं, एवढं तरी तिच्यातून उचलता येईल.

११ ऑगस्ट

झोटेरोत (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) सगळं भरलं, एकच पेपर दोनदा आलेला तिथे काढला. शीर्षकं आणि गोषवारे वाचून २१४ चे ४६ झाले, ४६ चे १७. गाळलेल्यांपुढे एका ओळीत कारण. कंटाळवाणं काम. झालं एकदाचं.

१५ ऑगस्ट

तीन दिवस एकाच पेपरवर. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर, २०१४, सायकॉलॉजिकल सायन्स. या विषयावर कुणीही काहीही लिहिलं तरी सुरुवात यांच्यापासूनच होते. गोषवारा वाचून माझी कळी खुलली होती. मग आतलं वाचायला घेतलं.

पहिला प्रयोग प्रिन्स्टन विद्यापीठात, ६७ विद्यार्थी. टेडची भाषणं पडद्यावर लावली. काहींना वही दिली, काहींना इंटरनेट बंद केलेला लॅपटॉप. मग अर्धा तास दुसऱ्याच कामांत गुंतवलं आणि त्यानंतर चाचणी. लॅपटॉपवाल्यांनी सरासरी ३१० च्या आसपास शब्द टिपले, वहीवाल्यांनी १७३. वक्त्याच्या शब्दांशी हुबेहूब जुळणारा भाग लॅपटॉपवर १४.६ टक्के, वहीत ८.८. लेखकांचं स्पष्टीकरण असं : टायपिंग वेगात होतं, म्हणून माणूस ऐकलेलं तसंच उतरवत जातो. हात मागे पडतो, म्हणून निवडावं लागतं, आणि निवडण्यासाठी समजून घ्यावं लागतं.

आता मी चार तारखेला ज्याकडे काणाडोळा केला असता ते. तारीख, नाव, आकडा अशा माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गटांत फरक नव्हता. फरक आला तो संकल्पनेच्या प्रश्नांत. म्हणजे 'हातानं लिहिलेलं लक्षात राहतं' हे माझं लाडकं वाक्य या पेपरच्या पहिल्या प्रयोगातसुद्धा सरसकट खरं ठरत नाही.

दुसऱ्या प्रयोगात १५१ जण. त्यातल्या काही लॅपटॉपवाल्यांना बजावलं, शब्दशः उतरवू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा. तरी त्यांनी तसंच उतरवलं. हे वाचून हसू आलं. आम्हालाही दर सत्रात हेच सांगतात. तिसऱ्यात १०९ जण, चाचणी आठवड्यानं, आणि काहींना आधी आपल्या नोट्स चाळायला मिळाल्या. सगळ्यांत पुढे गेले ते हातानं लिहून मग उजळणी केलेले. ज्यांना उजळणी मिळाली नाही, त्यांच्यात हात आणि लॅपटॉप असा भेद उरला नाही.

समासात पेन्सिलनं लिहिलं : 'फरक लिहिण्यात की वाचण्यात?'

१९ ऑगस्ट

त्या पेन्सिलीच्या प्रश्नाचा माग काढत संदर्भांतून मागे मागे गेले तर १९७२ ला पोचले. डी व्हेस्टा आणि ग्रे. नोट्स दोन कामं करतात, असं ते मांडतात. एक, लिहिण्याच्या क्रियेतच शिकणं घडतं. दोन, लिहिलेलं बाहेर साठून राहतं आणि पुढे वाचता येतं. पहिल्या कामात हात वरचढ असू शकतो, दुसऱ्यात लॅपटॉप, कारण साठा मोठा. मग ज्या प्रयोगात उजळणीच नाही, तो फक्त पहिलं काम मोजतो.

लॅपटॉप जन्मायच्या आधीच्या पेपरनं लॅपटॉपच्या भांडणाची गाठ अर्धी सोडवली, याची गंमत वाटली. मॅडमनी जोडलेला तो 'कोणत्या परिस्थितीत' आता थोडा कळायला लागलाय.

२३ ऑगस्ट

आज हेदर उरी आणि सहकारी, २०२१. म्युलर-ओपनहायमरच्या पहिल्या प्रयोगाची थेट पुनरावृत्ती, लॅपटॉपवर ७४ आणि हातानं ६८ जण. लॅपटॉपवाल्यांचे शब्द जास्त, हुबेहूब उतरवणंही जास्त, इथपर्यंत मूळ प्रयोगासारखंच. पण चाचणीत लॅपटॉपवाले मागे पडले नाहीत. त्यांनी सारख्या धाटणीचे आठ अभ्यास एकत्र करून पाहिले, चित्र तेच.

त्याआधीचा मोरहेड, डनलॉस्की आणि रॉसन यांचा २०१९ चा पेपर दुपारी वाचला आणि तिथेच अडकले. त्यांनी दुसऱ्या प्रयोगात एक जास्तीचा गट ठेवला : नोट्सच न घेणाऱ्यांचा. हातानं लिहिणारे, लॅपटॉपवाले आणि नुसते ऐकत बसलेले यांच्यात सातत्यानं टिकणारा फरक मिळाला नाही. उजळणीनंतर तर गटांतलं अंतर आणखी घटलं.

दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा. काहीच न लिहिणारा बरोबरीला येत असेल, तर वही की लॅपटॉप हे भांडण कशाबद्दल चाललंय? यावर लगेच एक खोचही सुचली. छोटं, रंगतदार भाषण ऐकून थोड्याच वेळात परीक्षा दिली तर नोट्सची गरज कुणाला पडणार? खरा कोर्स चार महिने चालतो. प्रयोगातलं व्याख्यान आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आठवायचं व्याख्यान ही वेगळीच जनावरं आहेत. हे आढाव्यात जाणार, आणि हे माझं स्वतःचं.

संध्याकाळी कळलं, म्युलर-ओपनहायमर पेपरचं दुरुस्तीपत्र २०१८ मध्ये निघालंय. माझ्याकडची पीडीएफ त्याआधीची. झोटेरो मागे घेतलेल्या पेपरवर लाल पट्टी दाखवतं, त्यामुळे मी निर्धास्त होते. दुरुस्तीसाठी जर्नलच्या पानावर स्वतः जाऊन पाहावं लागलं. सतराही पेपरांची पानं उघडून तपासली. दीड तास गेला.

२७ ऑगस्ट

ढिगातले चार-पाच पेपर मुळात माझ्या प्रश्नाचे नाहीत, हे आज उमगलं.

अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कार्टर, ग्रीनबर्ग आणि वॉकर यांनी अर्थशास्त्राच्या वर्गांवर प्रयोग केला. ७२६ विद्यार्थी, काही वर्गांत लॅपटॉपला मुभा, काहींत बंदी, कोणता वर्ग कुठे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. मुभा असलेले वर्ग अंतिम परीक्षेत ०.१८ प्रमाण विचलनानं (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप) मागे. नमुना मोठा, वर्ग खरा, परीक्षा खरी. पहिल्या आराखड्यात मी हा माझा हुकमाचा पत्ता म्हणून ठेवला होता. पण इथे नोट्स कुणी मोजल्याच नाहीत! वर्गात लॅपटॉप उघडा असला की काय काय होतं, त्या सगळ्याची बेरीज आहे ती. मेल, बातम्या, गप्पा, आणि मधेच कुठेतरी नोट्स. म्युलर-ओपनहायमरनी इंटरनेट बंद ठेवलं होतं. एका पेपरचा प्रश्न टायपिंगचा, दुसऱ्याचा मोहाचा. मी दोन्ही एकाच वाक्यात 'लॅपटॉप घातक' म्हणून बांधले होते.

मेंदूचा पेपरही तसाच. २०२४ मध्ये व्हान डर वील आणि व्हान डर मेर यांचा आला, बातम्यांत गाजला. ३६ विद्यार्थी, डोक्यावर २५६ संवेदकांची जाळी. हातानं लिहिताना मेंदूच्या भागांमधल्या जोडण्या जास्त दिसल्या. पद्धतीचा विभाग वाचला तर लिहायचे होते पडद्यावर दिसणारे सुटे शब्द, आणि टायपिंग करायचं उजव्या हाताच्या एका तर्जनीनं. व्याख्यान नाही, चाचणीही नाही. वर्गात एका बोटानं टाइप करणारं मला तरी कुणी दिसलेलं नाही. पेपर वाईट आहे असं नाही. त्यानं स्वतःचा प्रश्न विचारलाय आणि बातम्यांनी माझा प्रश्न त्याच्या तोंडी घातलाय.

पाचही पेपर 'शेजारचे प्रश्न' नावाच्या फोल्डरमध्ये.

३१ ऑगस्ट

पहिला ड्राफ्ट मॅडमना दिला. ३४०० शब्द. मनातून खूश.

३ सप्टेंबर

ड्राफ्ट परत आला. पहिल्या पानावर एकच ओळ : 'ही यादी झाली. यात तू कुठे आहेस?'

वाईट वाटलं, पण परिच्छेदांच्या सुरुवाती वाचल्या तर खरंच. म्युलर आणि ओपनहायमर यांच्या मते. मोरहेड आणि सहकारी यांच्या मते. उरी आणि सहकारी यांच्या मते. आगगाडीचे डबे. शेवटी 'अशा प्रकारे या विषयावर मतभिन्नता आढळते' हा गार्डाचा डबा.

माझा ड्राफ्ट वाचणारी वर्गमैत्रीण (आम्ही एकमेकींचे वाचतो, कोर्सचीच पद्धत) म्हणाली, "अगं, तुझ्या तेवीस तारखेच्या नोंदीत जेवढी धार आहे ना, तेवढी ड्राफ्टभर कुठेच नाही. 'काहीच न लिहिणारा बरोबरीला येत असेल तर' हे वाक्य कुठे गेलं?"

गाळलं होतं. आढाव्याच्या भाषेत शोभत नाही म्हणून.

५ सप्टेंबर

तक्ता केला. आडव्या ओळींत पेपर, उभ्या रकान्यांत : कोण, हातानं किती, लॅपटॉपवर किती, काय ऐकवलं, इंटरनेट होतं का, चाचणी किती वेळानं, प्रश्न माहितीचे की संकल्पनेचे, उजळणी मिळाली का, निष्कर्ष. 'निष्कर्ष' मुद्दाम शेवटी ठेवला, आधी दिसला की डोळा तिथेच जातो.

भरायला पूर्ण दिवस. 'उजळणी मिळाली का' हा रकाना भरताना पाच पेपर पुन्हा उघडावे लागले, कारण हे गोषवाऱ्यात कुणी सांगत नाही. पण भरून झाल्यावर तक्ता डावीकडून उजवीकडे वाचायच्या ऐवजी वरून खाली वाचला आणि परिच्छेद आपोआप पडायला लागले. एक परिच्छेद उजळणीचा. एक विलंबाचा. एक मोहाचा. पेपरांची नावं आता वाक्याच्या पोटात येतात.

उजळणीच्या रकान्यात तर उघड भांडण आहे. म्युलर-ओपनहायमरच्या तिसऱ्या प्रयोगात उजळणीनं हाताचा फायदा उघडा पडतो, मोरहेडकडे उजळणीनं अंतर घटतं. आधीच्या ड्राफ्टमध्ये या दोन गोष्टी दोन पानांच्या अंतरावर होत्या आणि मला दिसल्या नव्हत्या.

८ सप्टेंबर

दोन मेटा-अॅनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेले निष्कर्ष. हाच आढाव्याचा कणा होणार.

व्हॉयर आणि सहकारी, २०२२ : ३६ लेखांतले ३९ नमुने, ७७ परिणाम-मात्रा (दोन गटांत किती अंतर आहे ते सांगणारे आकडे). हात आणि लॅपटॉप यांत एकंदरीत फरक नाही. फ्लॅनिगन आणि सहकारी, २०२४ : २१ लेखांतले २४ अभ्यास. नोट्स हातानं घेऊन त्यांची उजळणी केली तर कामगिरी सरस, परिणाम-मात्रा ०.२४८, शब्दसंख्येत मात्र टायपिंग कितीतरी पुढे, ०.९१९.

दोन वर्षांच्या अंतरानं, जवळपास त्याच साहित्यावर, दोन उत्तरं. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी लिहिलं होतं, 'संशोधकांमध्ये एकमत नाही'. हे वाक्य म्हणजे हात झटकणं आहे. दोघांनी कोणते अभ्यास आत घेतले आणि कोणते बाहेर ठेवले हे शेजारी शेजारी मांडलं, तर भांडणाचा बराच भाग दारातच होतो, कुणाला आत सोडलं यावर. फ्लॅनिगनच्या वाक्यात 'आणि उजळणी' हे शब्द आहेत. बातमीत ते गळतात. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्येही गळले होते.

०.२४८ म्हणजे किती, हे स्वतःला समजावायला वेळ लागला. 'लहान परिणाम' असं लिहून मोकळं होता येतं, पण प्रेझेंटेशनला समोरच्याला काय दिसणार? गणित मांडलं : गुणांचं वितरण नेहमीच्या घंटेसारखं धरलं, हातवाल्यांतला एक आणि लॅपटॉपवाल्यांतला एक असे डोळे मिटून उचलले, तर हातवाल्याचे गुण जास्त असण्याची शक्यता साधारण ५७ टक्के. नाणं उडवलं तर ५०. फरक आहे. वही घेऊन कुणाच्या अंगावर धावून जावं एवढा नाही.

१० सप्टेंबर

मैत्रिणीनं चूक पकडली. साना, वेस्टन आणि सेपेडा, २०१३, यांच्याबद्दल मी लिहिलं होतं : 'लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्यांचे गुण ११ टक्क्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांचे १७ टक्क्यांनी घटले.' तिनं मूळ पेपर उघडला. पहिली गोष्ट, ते दोन वेगळे प्रयोग, मी एकाच वर्गातले समजले. दुसरी, एका प्रयोगात ६६ टक्के विरुद्ध ५५, दुसऱ्यात ७३ विरुद्ध ५६. म्हणजे हे ११ आणि १७ टक्के-अंक झाले. ६६ वरून ५५ म्हणजे 'टक्क्यांनी घट' धरली तर जवळजवळ १७ टक्के!

हे वाक्य मी मूळ पेपरमधून घेतलंच नव्हतं. दुसऱ्या एका लेखात या अभ्यासाचा उल्लेख होता, तिथून उचलून संदर्भ मात्र मूळ पेपरचा दिला होता. असं सगळेच करतात, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण माझ्याच आढाव्याचा निम्मा भाग 'इतरांनी गोषवाऱ्यापलीकडे वाचलं नाही' अशा तक्रारीचा आहे. उरलेले सगळे आकडे मूळ पीडीएफ उघडून टिक केले. आणखी एक चूक निघाली, ती किरकोळ.

१४ सप्टेंबर

नवा ड्राफ्ट. फरक डोळ्यांसमोर राहावा म्हणून एकच जागा इथे उतरवते.

आधी : 'मोरहेड आणि सहकारी (२०१९) यांनी पुनरावृत्ती केली. त्यांना गटांमध्ये सातत्यपूर्ण फरक आढळला नाही. उरी आणि सहकारी (२०२१) यांनाही फरक आढळला नाही.'

आता : 'हाताने लिहिण्याचा फायदा लिहिण्याच्या क्षणी मिळत असेल, तर तो उजळणीविना घेतलेल्या चाचणीत सर्वांत स्पष्ट दिसायला हवा. उरी आणि सहकारी (२०२१) यांनी नेमकी तीच परिस्थिती उभी केली आणि फायदा दिसला नाही. मोरहेड आणि सहकारी (२०१९) यांच्या प्रयोगात तर टिपणे न घेणारा गटही सातत्याने मागे पडला नाही. त्यामुळे अशा छोट्या भाषणांवरची चाचणी टिपणांचा उपयोग मोजण्यास पुरेशी आहे का, हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो.'

शब्द वाढले, पण पाच पेपर आढाव्यातून बाहेर गेल्यामुळे एकूण ३०५० वर आलं. क्रियापदांचीही डागडुजी केली. 'सिद्ध केले' सगळीकडून काढलं. कुठे 'आढळले', कुठे 'सुचवतात'. एके ठिकाणी 'दावा करतात' असं होतं. वाचल्यावर जाणवलं, माझ्या मताविरुद्धच्या लेखकांनाच मी 'दावा' करायला लावला होता. माझ्या बाजूचे सगळे 'दाखवून देतात'.

शीर्षक बदललं : 'लिहिणे, साठवणे, विचलित होणे : टिपणांवरील संशोधनातील तीन वेगळे प्रश्न'.

१८ सप्टेंबर

मर्यादांचा परिच्छेद. फक्त इंग्रजी पेपर वाचले हे लिहिलं. ज्या अभ्यासांत फरक सापडत नाही ते छापून येण्याची शक्यता कमी, म्हणून छापील साहित्यात फरक फुगलेला दिसू शकतो, हेही. निवड मी एकटीनं केली, दुसऱ्या कुणी ताडून पाहिली नाही. मॅडमनी नेमकी याच वाक्याखाली बरोबरची खूण केली. तीन हजार शब्दांत एवढीच एक.

२२ सप्टेंबर

स्लाइड्स. पहिल्या खेपेला २३ झाल्या. घड्याळ लावून बोलून पाहिलं, एकोणीस मिनिटं. शोधाची पद्धत सांगण्यातच चार गेली.

सगळा आढावा बारा मिनिटांत मावणार नाही, हे पटायला दोन दिवस लागले. मावायची गरजही नाही. एकच गोष्ट सांगायची ठरवली : दोन मेटा-अॅनालिसिस भांडताना का दिसतात. बाकी सगळं त्यासाठी लागेल तेवढंच. स्लाइड्स नऊ. सतरा ओळींचा तक्ता पडद्यावर कुणाला वाचता येणार नव्हता, म्हणून तीन ओळी आणि तीन रकाने ठेवले. ५७ टक्क्यांसाठी शंभर जोड्यांची ठिपक्यांची स्लाइड केली. ५७ गडद, ४३ फिके. तिच्यावर एकही वाक्य नाही.

२५ सप्टेंबर

आढावा जमा केला. शेवटच्या तासात संदर्भसूची आणि मजकूर ताडून पाहिला. सूचीत एक पेपर असा होता ज्याचा मजकुरात उल्लेखच उरला नव्हता. काढला.

मैत्रिणीपुढे प्रेझेंटेशनची तालीम. तिचा सल्ला : "तू स्लाइड वाचतेस तेव्हा ऐकावंसं वाटत नाही, ठिपक्यांकडे बोट दाखवून बोलतेस तेव्हा वाटतं." पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ, मधलं बोलायचं, असं ठरलं. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

२९ सप्टेंबर

प्रेझेंटेशन झालं.

वर्गातल्या संगणकावर फाइल उघडली आणि जोडाक्षरं फुटली. 'विचलित'ची वेलांटी भलतीकडे, 'प्रश्न'चे दोन तुकडे. तिथे माझा फाँट नव्हता. पीडीएफ सोबत घेतली होती म्हणून निभावलं, पण पहिलं मिनिट गेलं आणि पाठ केलेलं पहिलं वाक्यही त्याच्याबरोबर गेलं. ठिपक्यांच्या स्लाइडवर मात्र वर्ग शांत झाला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "एवढ्यासाठी भांडत होतो?" ते मला ऐकू आलं.

प्रश्न चार. 'मग तू स्वतः कशावर लिहितेस?' हा अपेक्षित होता. वहीतच, आणि हल्ली संध्याकाळी उघडून वाचते, असं खरं उत्तर दिलं. मॅडमचा प्रश्न, वेस्ट पॉइंटचा अभ्यास बाजूला ठेवण्याबद्दल, तयार होता. तिसरा नमुन्यांच्या आकारावर. चौथा पहिल्या बाकावरून आला : "पडद्यावर डिजिटल लेखणीनं लिहिणारे कुठे बसतात? हातवाल्यांत की लॅपटॉपवाल्यांत?"

मी म्हणाले, चांगला प्रश्न आहे, मी वाचलेल्या साहित्यात व्याख्यानाच्या नोट्सबाबत यावर थेट काही आढळलं नाही.

घरी येऊन सहज मोरहेडचा पेपर उघडला. गोषवाऱ्यातच आहे. त्यांनी ई-रायटरवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पाटीवर लेखणीनं लिहिणारा वेगळा गट ठेवला होता. त्या ओळीवर माझाच पिवळा हायलाइट, तेवीस ऑगस्टचा. तक्ता भरताना मी तो गट 'हातानं' मध्ये टाकून पुढे गेले होते.

प्रश्न विचारणाऱ्याला मेल लिहिला : 'आज वर्गात दिलेलं उत्तर चुकीचं होतं. पेपर जोडतेय, गोषवारा आणि पहिला प्रयोग बघ.' मॅडमना प्रत. मग तक्त्यात 'हातानं' हा रकाना फोडून दोन केले आणि वरून पहिल्या पेपरपासून पुन्हा भरायला घेतले.